ओळ कोठे संपते? : संहितेचे संगणकीय विभाजन आणि ओळ-समाप्तीची चिन्हे

कवितेच्या अभ्यासात ओळ हा घटक गृहीतच धरला जातो. पाठभेदांची नोंद ओळीच्या क्रमांकाने होते, यमकाचा विचार ओळीच्या अखेरीशी बांधलेला असतो, आणि भाषांतराची मुळाशी तुलना करताना अभ्यासकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर अशीच सरकते. छापील पानावर ही ओळ डोळ्यांना दिसते. तिच्याविषयी वेगळा विचार करण्याचे कारण पडत नाही. संहिता संगणकात गेली की परिस्थिती बदलते. संगणकाच्या फाइलीत ओळ नावाची वस्तू नसते. तेथे असते ती अक्षरांची एक अखंड माळ आणि त्या माळेत मधूनमधून ओवलेली काही अदृश्य चिन्हे. या चिन्हांवर माळ तोडली म्हणजे ओळी मिळतात. ही चिन्हे एकाच प्रकारची नाहीत, आणि माळ नेमकी कोठे तोडावी हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. हा निर्णय तांत्रिक दिसत असला तरी त्याचे परिणाम संपादनाच्या क्षेत्रात उमटतात. ते कसे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. कोलकात्यातील ज्या जादवपूर विद्यापीठात १९५६ साली तौलनिक साहित्याचा विभाग स्थापन झाला, त्याच विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स’ या संस्थेने सुकांत चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘बिचित्रा’ हा रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा पाठभेदसंग्रह सिद्ध केला आणि २०१३ मध्ये तो संगणकीय जालावर सर्वांना खुला झाला. हस्तलिखितांची ४७,०००हून अधिक आणि छापील ग्रंथ व नियतकालिके यांची ९०,०००हून अधिक पाने त्यात आहेत. या संग्रहातील ‘प्रभेद’ ही आज्ञावली एकाच रचनेच्या निरनिराळ्या पाठांची तुलना तीन पातळ्यांवर करते : प्रथम अध्याय, सर्ग, प्रवेश असे मोठे विभाग; मग परिच्छेद वा कडवी; आणि शेवटी शब्द. पाठतुलनेच्या अशा कोणत्याही यंत्रणेत ‘भेद कोणता’ या प्रश्नाच्या आधी ‘घटक कोणता’ हा प्रश्न येतो. २००९ साली गोथेनबर्ग येथे पाठतुलनेच्या आज्ञावलींसाठी जो आराखडा अभ्यासकांनी मांडला, त्याची पहिली पायरीही संहितेचे घटकांत विभाजन हीच आहे. पहिल्या पायरीवर चूक झाली तर पुढच्या साऱ्या पायऱ्या बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो.

१. चिन्हांचे मूळ

ओळ संपल्याची खूण एकच का नाही, याचे उत्तर टंकयंत्राच्या रचनेत आहे. जुन्या टंकयंत्रावर नवी ओळ सुरू करताना दोन क्रिया घडत. कागद बसवलेला गाडा मूळ जागी परत येई आणि कागद एका ओळीने वर सरके. दूरमुद्रकांनी या दोन क्रियांसाठी दोन स्वतंत्र संकेत ठेवले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या अमेरिकन मानकात त्यांना क्रमांक मिळाले : ‘कॅरेज रिटर्न’ला १३ आणि ‘लाइन फीड’ला १०. पुढील विवेचनात त्यांना संक्षेपाने ‘सीआर’ व ‘एलएफ’ म्हटले आहे. दूरमुद्रकाचा छपाईचा भाग उजव्या टोकाकडून डाव्या टोकाकडे येण्यास एक अक्षर उमटवण्यापेक्षा अधिक वेळ लागे. त्यामुळे आधी सीआर आणि मग एलएफ असा क्रम सोयीचा ठरला.

संगणकांना गाडा नव्हता, पण वारसा राहिला. मल्टिक्स आणि तिच्यामागून आलेली युनिक्स या प्रणालींनी एकटा एलएफ पुरेसा मानला. आजची लिनक्स त्याच परंपरेतील आहे. सीपी-एम या प्रणालीने दोन्ही चिन्हांची जोडी ठेवली. १९८१ मधील डॉस आणि नंतरची विंडोज यांनी ती उचलली. अॅपलच्या मॅकिन्टॉशने एकटा सीआर स्वीकारला आणि २००१ मध्ये नवी प्रणाली आल्यावर तोही एलएफकडे वळला. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ‘पुढील ओळ’ असे तिसरेच चिन्ह होते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक १३३ आहे. युनिकोडने याखेरीज ओळीसाठी व परिच्छेदासाठी दोन निःसंदिग्ध विभाजकचिन्हे नव्याने दिली, पण त्यांचा वापर फारसा रुजला नाही. परिणामी आज कोणत्याही मोठ्या संग्रहात या सर्व पिढ्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १९९० च्या दशकात मॅकिन्टॉशवर अक्षरजुळणी झालेला काव्यसंग्रह, विंडोजवर टंकलिखित झालेली हस्तलिखिताची नक्कल आणि लिनक्सवर यांत्रिक अक्षर-ओळखीने सिद्ध झालेली पहिली आवृत्ती हे एकाच कवितेचे तीन पाठ असू शकतात, आणि तिघांतील ओळीची अखेर तीन निराळ्या चिन्हांनी नोंदलेली असू शकते.

२. एका कवितेची तीन रूपे

या विविधतेमुळे काय घडते ते एका साध्या उदाहरणाने पाहावे. चार-चार ओळींची तीन कडवी असलेली एक कविता आहे असे समजू. कडव्यांमध्ये एकेक रिकामी ओळ सोडली आहे. म्हणजे १२ ओळी मजकुराच्या, २ रिकाम्या, एकूण १४. फाइल विंडोजवर तयार झालेली असल्याने प्रत्येक ओळीच्या अखेरीस, शेवटच्या ओळीच्याही, सीआर-एलएफ ही जोडी आहे. रिकामी ओळ दिसली की कडवे संपले, असा नियम आज्ञावलीला दिलेला आहे.

पहिल्या आज्ञावलीने माळ केवळ एलएफवर तोडली. सीआर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चिकटून राहिला. रिकाम्या ओळीतही तो आहेच. त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने ती ओळ रिकामी नाही. मधला एकही तुकडा रिकामा सापडला नाही आणि सारी कविता १४ ओळींचे एक कडवे ठरली. दुसऱ्या आज्ञावलीने ‘सीआर किंवा एलएफ, जे भेटेल तेथे तोड’ असा नियम वापरला. जोडीतील दोन्ही चिन्हांवर माळ तुटली. १४ जोड्यांमुळे २८ ठिकाणी छेद गेला आणि २९ तुकडे पडले. त्यांपैकी १७ रिकामे होते. प्रत्येक ओळीमागे रिकामा तुकडा आल्याने कविता एकेका ओळीच्या १२ कडव्यांची झाली. तिसऱ्या आज्ञावलीने सीआर-एलएफ ही जोडी एकच चिन्ह मानली आणि तीन कडवी बरोबर ओळखली. हीच कविता जुन्या मॅकिन्टॉशच्या फाइलीत असती आणि पहिली आज्ञावली तिच्यावर चालवली असती, तर एलएफ कोठेच न सापडून संपूर्ण कविता एक ओळ ठरली असती.

यांतील एकाही प्रसंगी यंत्र तक्रार करीत नाही. पडद्यावर कविता पूर्वीसारखीच दिसते. आकडे तेवढे बदललेले असतात आणि ते एखाद्या तक्त्यात जाऊन बसतात.

ओळीच्या शेवटी चिकटलेला सीआर आणखी एक हानी करतो, आणि ती कवितेच्या अभ्यासात विशेष जाणवणारी आहे. शब्द वेगळे करताना आज्ञावली केवळ शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तोडत असेल, तर ओळीतील शेवटचा शब्द सीआरसह नोंदला जातो. ‘मन’ आणि सीआर जोडलेला ‘मन’ हे यंत्राला दोन भिन्न शब्द वाटतात. दोन पाठांची तुलना केली की प्रत्येक ओळीचा अंत्य शब्द पाठभेद म्हणून पुढे येतो. अंत्य शब्द म्हणजे बहुधा यमकाचा शब्द. कवीने यमके सर्वत्र बदलली, असा भास निर्माण होण्यास एवढे पुरते. फाइलींमधील फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’सारख्या जुन्या साधनातही हाच अनुभव येतो : एका फाइलीत एलएफ आणि दुसरीत जोडी असली तर एकही अक्षर बदललेले नसताना सगळ्या ओळी बदलल्याचे दिसते. खरे पाठभेद या खोट्या भेदांच्या गर्दीत हरवतात.

३. ‘ऊ’ आणि ‘अ’ : लिपींची विशेष अडचण

रोमन लिपीत लिहिलेल्या संहितांवर तपासलेली साधने भारतीय लिपींवर तशीच चालतील असे गृहीत धरता येत नाही. ओळी तोडण्याचे काम अक्षरांच्या पातळीवर न करता कच्च्या बाइटांच्या पातळीवर केले, तर काही अक्षरेच छेदली जातात.

युनिकोड साठवण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत : यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह दोन बाइटांत बसते. ‘ऊ’ या स्वराचे दोन बाइट ९ आणि १० असे आहेत, आणि १० हा एलएफचा क्रमांक आहे. बाइट पाहून तोडणारी आज्ञावली ‘भाऊ’, ‘ऊन’, ‘मऊ’ अशा प्रत्येक शब्दात ओळ संपली असे मानते. ‘ऍ’ या चिन्हाचा दुसरा बाइट १३, म्हणजे सीआर आहे. बंगाली लिपीला मात्र युनिकोडमध्ये जो पट्टा मिळाला आहे, त्यात दुसरा बाइट १२८ पासून पुढे असतो. तेथे १० वा १३ येतच नाही. म्हणून कोलकात्यात केवळ बंगाली मजकुरावर तपासलेली आज्ञावली निर्दोष ठरू शकते आणि तीच मराठी मजकुरावर पहिल्याच ‘ऊ’पाशी अडखळू शकते. दोन भाषांच्या संहिता एकाच साधनाने तपासणाऱ्या तौलनिक अभ्यासात हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण यंत्राचा दोष येथे एका भाषेच्या छंदाचे वैशिष्ट्य म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो.

यूटीएफ-८ मध्ये ही अडचण नाही. तेथे देवनागरी वा बंगाली अक्षराचा कोणताही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो, त्यामुळे १० आणि १३ यांच्याशी गल्लत होत नाही. तरीही एक सापळा उरतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये असूनही आज्ञावलीने ती पश्चिम युरोपीय एकबाइटी संकेतप्रणालीतील आहे असे समजून उघडली, तर १३३ हा बाइट ‘पुढील ओळ’ या चिन्हासारखा वाचला जातो. देवनागरी ‘अ’चे तीन बाइट २२४, १६४, १३३ आहेत; बंगाली ‘অ’चे २२४, १६६, १३३. म्हणजे दोन्ही वर्णमालांच्या पहिल्या अक्षरावरच ओळ तुटते. उपाय एकच आहे : आधी संकेतप्रणाली निश्चित करून बाइटांची अक्षरे करून घ्यावीत आणि मगच ओळी तोडाव्यात. हा क्रम उलटा होऊ नये.

४. यंत्राची ओळ आणि साहित्याची ओळ

येथवरचे सारे दोष योग्य आज्ञावलीने दूर होतात. पायथन भाषेत २००३ पासून आणि जावा भाषेत २०१४ पासून सर्व प्रकारची समाप्तिचिन्हे एकत्र ओळखण्याची सोय आहे. एक्सएमएलच्या १९९८ च्या मानकात तर सीआर-एलएफ जोडी आणि एकटा सीआर या दोहोंचे रूपांतर एलएफमध्ये करूनच संहिता पुढे द्यावी असा नियम आहे. परंतु चिन्हांची एकवाक्यता झाली म्हणजे ओळीचा प्रश्न सुटला असे नाही. यंत्राला आता ओळ बिनचूक सापडते. ती ओळ साहित्याच्या दृष्टीने कोणती, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही.

कोलकात्याच्या परिसरातच मराठी मुद्रणाचा एक आरंभ झाला, हे या संदर्भात उपयोगी उदाहरण आहे. १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत. हुगळीच्या काठी श्रीरामपूर येथे त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, आणि १८१० साली निघालेल्या त्यांच्या मराठी कोशासाठी मोडी खिळे वापरण्यात आले. मोडी हस्तलेखनात प्रथम पानभर शिरोरेघ आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. त्यामुळे पानाची कड आली की शब्द मध्येच तुटून पुढच्या ओळीत जाई, आणि त्याची कोणतीही खूण नसे. अशा कागदाचे ओळीनुसार लिप्यंतर संगणकात उतरवल्यावर ओळी जोडताना समाप्तिचिन्हाच्या जागी मोकळी जागा ठेवली, तर एका शब्दाचे दोन निरर्थक तुकडे होतात. काहीच न ठेवता जोडले, तर दोन शब्द एकत्र येतात. योग्य निवड प्रत्येक ठिकाणी वाचकाला करावी लागते. बंगालीतील जुन्या पुंथींचे अभ्यासक याच अडचणीला सामोरे जातात.

पोथीतील ओवीचेही असेच आहे. लेखनिक एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत सलग लिहितो आणि ओवीचा शेवट दंडांनी व क्रमांकाने दाखवतो. तेथे ओळ कागदाच्या रुंदीने ठरते, रचनेची सीमा दंडाने. छापील आवृत्तीत हीच ओवी कधी दोन, कधी चार ओळींत येते. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ अशी अक्षरसंख्या असते आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. दोन-दोन चरण एका ओळीत छापले की यमकाचे पहिले टोक ओळीच्या अखेरीस आणि दुसरे टोक पुढच्या ओळीच्या मध्यावर येते. ओळीच्या शेवटचे शब्द गोळा करून यमके शोधणारी आज्ञावली अशा गाथेत यमक नाही असा निर्वाळा देईल. चारही चरण स्वतंत्र ओळींत छापलेल्या आवृत्तीत तिला ते लगेच सापडेल. दंडावर विसंबून तोडावे म्हटले तरी भाषाभेद आडवा येतो : बंगाली गद्यात दंड वाक्य संपवतो, आधुनिक मराठी गद्यात ते काम पूर्णविरामाकडे आहे, आणि युनिकोडमध्ये देवनागरी व बंगाली यांना मिळून दंडाचे चिन्ह एकच आहे. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेव्हा तिचा दंड मात्र स्वतंत्र देण्यात आला.

याच्या उलट, ओळ तोडणे हाच जेथे कवीचा निर्णय असतो, तेथे समाप्तिचिन्ह पुसले तर संहितेतला अर्थच पुसला जातो. रवींद्रनाथांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९१० च्या बंगाली ‘गीतांजली’तील ओळी १९१२ च्या इंग्रजी ‘गीतांजली’त गद्य परिच्छेद होऊन येतात. या गद्याला काव्य म्हणून मान्यता मिळाल्यावर बंगालीतही असा प्रयोग करावा, असे त्यांना वाटले. १९३२ च्या ‘पुनश्च’च्या भूमिकेत ते सांगतात की ‘लिपिका’तील काही लेखनात त्यांनी तो करून पाहिला होता; मात्र छापताना वाक्ये पद्याप्रमाणे तोडली नव्हती, आणि त्याचे कारण बहुधा भीती हेच असावे. ‘लिपिका’ १९२२ सालची. म्हणजे या दहा वर्षांच्या प्रवासातील एक महत्त्वाचा पालट शब्दांत नसून ओळीच्या अखेरीत आहे. तुलनेच्या सोयीसाठी आधी सर्व ओळी जोडून टाकणारी आज्ञावली नेमका हाच पालट नाहीसा करते. समाप्तिचिन्हांचे प्रकार एकसारखे करणे आणि समाप्तिचिन्हे काढून टाकणे या दोन क्रिया म्हणूनच काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिलीने संहितेतील काहीही हरवत नाही. दुसरीने हरवू शकते.

५. कार्यपद्धती

वरील विवेचनावरून संहिता विभाजित करताना पाळावयाचा क्रम निश्चित करता येतो. मूळ फाइल जशी मिळाली तशी जतन करावी आणि सर्व संस्कार तिच्या प्रतीवर करावेत. संकेतप्रणाली ओळखून बाइटांची अक्षरे करून घ्यावीत. नंतर सीआर-एलएफ या जोडीच्या जागी एलएफ ठेवावा, आणि ते झाल्यावर उरलेल्या एकट्या सीआरच्या जागीही एलएफ ठेवावा. हा क्रम उलटल्यास, म्हणजे आधी प्रत्येक सीआर बदलल्यास, जोडीतून दोन एलएफ निर्माण होतात आणि सर्वत्र रिकाम्या ओळी उगवतात. एकाच फाइलीत अनेकांनी काम केले असेल तर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. हा क्रम पाळल्यास तशी फाइलही सुरक्षितपणे सरळ होते.

उरलेल्या विरळ चिन्हांचा निर्णय संहिता पाहून घ्यावा. वर्ड या आज्ञावलीत शिफ्ट धरून एन्टर दाबल्यास जो ओळभंग होतो तो आत ११ क्रमांकाच्या चिन्हाने नोंदला जातो. पुष्कळ टंकलेखक कडव्यातील ओळींसाठी हा ओळभंग आणि कडव्याच्या शेवटी साधा एन्टर वापरतात; अशा फाइलीत दोन चिन्हांतील फरक हाच कडव्यांचा पुरावा असतो आणि तो सपाट करणे घातक ठरते. यांत्रिक अक्षर-ओळखीच्या फाइलींत १२ क्रमांकाचे ‘फॉर्म फीड’ हे चिन्ह बहुधा पान संपल्याचे सांगते. पायथनमधील ‘स्प्लिटलाइन्स’ ही क्रिया ११, १२ आणि १३३ या साऱ्यांवर ओळ तोडते, तर केवळ एलएफ देऊन केलेली ‘स्प्लिट’ ही क्रिया तसे करत नाही. शिवाय फाइलीच्या अगदी शेवटी समाप्तिचिन्ह असल्यास पहिली क्रिया जादा तुकडा देत नाही, दुसरी एक रिकामा तुकडा देते. ओळींच्या संख्येत एकाचा फरक पडला तर त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. केवळ मोकळ्या जागा असलेली ओळ रिकामी समजावी की नाही, हेही आधी ठरवून लिहून ठेवावे.

यानंतरचे काम संपादकाचे आहे. टीईआय या संहिता-चिन्हांकनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पद्याच्या ओळीसाठी, ओळींच्या समूहासाठी आणि कागदावरील ओळ कोठे तुटली ते दाखवण्यासाठी तीन वेगवेगळ्या खुणा आहेत. त्यांमुळे मोडी कागदावरील कड आणि अभंगाचा चरण या दोन्ही गोष्टी एकाच संहितेत एकमेकींना बाधा न आणता राहू शकतात. एकदा ही नोंद झाली की पाठतुलना, यमकांचा शोध वा ओळींची गणना यांसाठी अदृश्य चिन्हांवर विसंबण्याचे कारण उरत नाही.

पाठचिकित्सेच्या छापील परंपरेत संपादक प्रस्तावनेत आपल्या लेखनविषयक नियमांचा खुलासा करतो : कोणती ऱ्हस्व-दीर्घे बदलली, कोणते विरामचिन्ह घातले, ओवी किती ओळींत मांडली. संगणकीय संहितेच्या प्रस्तावनेत त्याच जोडीने दोन वाक्यांची भर पडणे आवश्यक आहे. ओळ कोणत्या चिन्हावर तोडली, आणि त्या ओळीला चरण, वाक्य की कागदाची कड मानले, एवढे त्यांत सांगितलेले असावे. एवढी नोंद असली म्हणजे दुसरा अभ्यासक तीच संहिता घेऊन तेच आकडे पुन्हा काढू शकतो, आणि आकडे जुळले नाहीत तर चूक कोठे शोधावयाची हेही त्याला कळते.